नागरिकशास्त्राची परिभाषा आणि आमचीं मुलें

कादंबरी, नाटक व काव्य यांची परीक्षा करणारे टीकाकार आमच्यांत पुष्कळ आहेत. परंतु जें गद्य महाराष्ट्रांतील प्रत्येक मुलास सक्तीनें वाचावें लागतें, त्या शालेय पुस्तकांतील गद्याची परीक्षा करण्याच्या भानगडींत सहसा कोणी पडत नाहीं. तें काम आपल्या योग्यतेचें नव्हे असें टीकाकारांस वाटत असावें. आमच्या मतें मात्र भाषेचा कस लागावयाचा तर तो येथेंच लागतो. प्रौढ वाचकास एखादा शब्द कळला नाहीं तर तो पान उलटून पुढें जातो; दहा वर्षांचें मूल तोच शब्द पाठ करून टाकतें. पाठ केलेला शब्द न कळलेल्या शब्दापेक्षां अधिक घातक, कारण तो कळला आहे असा भास एकदां उत्पन्न झाला कीं पुढें तो कोणीच तपासून पाहत नाहीं.

प्रस्तुत लेखांत आम्ही राज्यकारभाराच्या प्राथमिक परिभाषेचा विचार करणार आहों. ग्रामसभा, पंचायत समिति, मतदान, मंत्रिमंडळ, मूलभूत हक्क, संविधान असे पन्नास-साठ शब्द प्राथमिक शाळेच्या वरच्या इयत्तांत मुलांच्या हातीं दिले जातात. पुढें बहुतेकांचें नागरिकशास्त्र तेथेंच संपतें. ज्यांस महाविद्यालयाचें दर्शन घडतें, त्यांपैकींही थोडेच या विषयाकडे पुन्हां वळतात. तेव्हां हे पन्नास-साठ शब्द म्हणजे सामान्य मराठी माणसाचें राज्यशास्त्राचें सारें भांडवल होय. तें नाणें खरें आहे कीं खोटें, हें पाहण्याचा आम्हांस हक्क आहे.

मूल शाळेंत येतें तें कोरी पाटी घेऊन येतें, हा पुष्कळ पंतोजींचा आवडता समज. निदान या विषयापुरता तरी तो टिकत नाहीं. लपंडाव खेळणाऱ्या मुलांजवळ थोडा वेळ उभें राहावें. खेळापूर्वीं मुलें चकतात. जीं सुटतात तीं उड्या मारतात, आणि जें शेवटीं उरतें त्याच्यावर 'राज्य' येतें. राज्य आलें म्हणून तें मूल हरखून जात नाहीं. त्यास डोळे मिटून आंकडे मोजावे लागतात, मग कोनाकोपरा धुंडाळून सर्वांस शोधावें लागतें, आणि इतकें करून कोणी मागून येऊन पाठीवर धप्पा दिला कीं पुन्हां राज्य त्याच्याच गळ्यांत पडतें. राज्य हें सर्वांनीं मान्य केलेल्या रीतीनें अंगावर येणारें काम आहे, तें फिरतें आहे, आणि तें टाकून पळणारा रडीचा डाव खेळतो, एवढें ज्ञान आमच्या मुलांस अंगणांतच झालेलें असतें. सिंहासनावर बसलेल्या पुरुषास तें पुरतेपणीं झालें होतें असें इतिहास वाचून वाटत नाहीं.

तीच गोष्ट 'निवडणूक' या शब्दाची. आजी सूप पुढें घेऊन तांदूळ निवडीत बसते, आई मेथीची भाजी निवडते, आणि मूल शेजारीं बसून खडे वेंचूं लागतें. निवडणें म्हणजे उजेडांत बसून, एकेक दाणा डोळ्यांखालून घालून, दांताखालीं येणारें आधींच बाजूस काढणें, हें त्यास कोणी शिकवावें लागत नाहीं. 'पंच' त्यास कबड्डीच्या मैदानावर भेटलेला असतो: जो स्वतः खेळत नाहीं आणि ज्याचा निकाल दोन्ही बाजूंनीं मानावयाचा, तो. 'ठराव' हा ठरविणें या साध्या क्रियापदापासून झालेला. 'पट्टी' हा शब्द गणपतीची वर्गणी गोळा होतांना कानावर पडतो, आणि घरपट्टी, पाणीपट्टी हे शब्द तर घरांतल्या कुरबुरींतूनच कळलेले असतात. 'मत' या शब्दाबद्दल आम्हांस विशेष कौतुक वाटतें. आपल्या मनांत एखाद्या गोष्टीविषयीं जें ठरलें तें मत, आणि पेटींत टाकावयाचें तेंही मत. विचार आणि त्याचा राजकीय उपयोग यांस आमच्या भाषेनें एकच शब्द दिला आहे. बिनविचारानें दिलेलें मत हें शब्दशः मतच नव्हे, असें एखाद्या शिक्षकानें सांगितलें तर त्यास व्याख्येची जरूर पडणार नाहीं.

हे शब्द पुस्तकांत नाहींत असें नाहीं. बहुतेक सारे आहेत. पण तेथें ते व्याख्येचा अंगरखा चढवून येतात, आणि घरच्या माणसानें परका वेष केला म्हणजे मूल जसें बिचकतें, तसें तें या शब्दांपुढें बिचकतें. मग तें त्यांस पाठ करतें.

ही परिभाषा आली कोठून, याचा थोडा मागोवा घेणें जरूर आहे. शिवछत्रपतींच्या काळीं राज्यकारभाराची भाषा फारसी-अरबी शब्दांनीं भरून गेली होती. त्यांस संस्कृत पर्याय द्यावे या हेतूनें महाराजांच्या आज्ञेवरून राज्यव्यवहारकोश तयार झाला. रघुनाथपंत हणमंत्यांचें नांव त्याच्याशीं जोडलेलें आहे. पुढें १८४८ पासून 'प्रभाकर' पत्रांत शतपत्रें लिहितांना लोकहितवादींनीं पार्लमेंटाची कल्पना मराठी वाचकांपुढें मांडली, तेव्हां त्यांनीं तो इंग्रजी शब्दच उचलला. 'संसद' पुष्कळ पुढची. १९३१ सालीं बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयानें 'शासनशब्दकल्पतरु' निघाला आणि अनेक भाषांतील कारभाराचे पर्यायशब्द एका ठिकाणीं आले. सावरकरांनीं 'महापौर' दिला, तो आज इतका रुळला आहे कीं कोणे एके काळीं तो नवा होता हें सांगूनही खरें वाटत नाहीं. १९६० त महाराष्ट्र राज्य झाल्यावर भाषा संचालनालय निघालें, १९६२ त पदनाम कोश बाहेर पडला, आणि कांहीं विनोदी मंडळींनीं त्यास 'बदनाम कोश' म्हणून हिणवलें. १९६४ चा राजभाषा अधिनियम त्यामागून आला.

हा सर्व उद्योग मोठा होता आणि त्याची थट्टा करणाऱ्यांपैकीं आम्ही नाहीं. पण त्यांतील एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. रघुनाथपंतांपुढें दरबारचे कारकून होते. बडोद्याच्या कोशापुढें संस्थानचे कामगार होते. पदनाम कोशापुढें मंत्रालयांतील अधिकारी होते. एकाही कोशकारापुढें मूल नव्हतें. कचेरींतील टिपणांत एका पदास एकच शब्द असावा, दोन अधिकाऱ्यांचा घोटाळा होऊं नये, ही कारकुनाची गरज. तिच्यासाठीं घडविलेली परिभाषा जशीच्या तशी उचलून चौथी-पांचवीच्या पुस्तकांत बसविली गेली. मुलाची गरज निराळी. हा माणूस कोण, तो आमचें काय करतो, आणि त्यानें तें केलें नाहीं तर त्यास विचारावयाचें कोणी, एवढेंच त्यास हवें असतें.

आतां आमच्या मुख्य तक्रारीकडे वळूं. राज्याच्या सहावीच्या पुस्तकांत 'ग्रामीण स्थानिक शासन संस्था' आणि 'शहरी स्थानिक शासन संस्था' असे पाठ आहेत. या संस्थांचें मराठींतील जुनें नांव 'स्थानिक स्वराज्य संस्था'. १८८२ सालीं लॉर्ड रिपन यांनीं गांवोगांवच्या नगरपालिकांस व लोकल बोर्डांस लोकनियुक्त रूप देण्याचा जो प्रसिद्ध ठराव केला, त्यांतील कल्पनेस मराठी लेखकांनीं 'स्थानिक स्वराज्य' म्हटलें, आणि हा शब्द इतका चपखल बसला कीं आजही निवडणुका जाहीर झाल्या म्हणजे वर्तमानपत्रें 'स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका' असेंच छापतात. मूल घरीं तेंच ऐकतें. पुस्तक मात्र त्यास 'शासन' शिकवतें.

असें कां झालें असावें हें ताडणें कठीण नाहीं. वर संघशासन, मध्यें राज्यशासन, तेव्हां खालीं स्थानिक शासन. तीन पायऱ्या एका मापाच्या झाल्या. परिभाषेच्या दृष्टीनें ही रचना सुबक आहे, हें आम्ही मान्य करतों. पण 'शासन' या शब्दास मराठींत दुसरा एक अर्थ आहे आणि तो मुलास पहिल्याच्या आधीं भेटतो. खोड्या करणारास शासन होतें. चोरास शासन झालें पाहिजे असें म्हातारीं माणसें म्हणतात. ज्या मुलाच्या कानीं हा शब्द छडीच्या सोबतीनें पडला, त्यास गांवची पंचायत ही गांवाला शिक्षा करणारी संस्था वाटली तर दोष त्याचा नव्हे. आणि सरकार म्हणजे आपल्यावर हात उगारणारें कांहीं तरी, ही समजूत मोडण्यासाठींच तर नागरिकशास्त्राचा पाठ असतो!

उलट 'स्वराज्य' हा शब्द पुस्तकास आयता मिळालेला होता. चौथींत मुलें शिवचरित्र वाचतात. रायरेश्वराची शपथ, तोरणा, बाजी प्रभु, आग्ऱ्याहून सुटका, राज्याभिषेक; या साऱ्या कथेचा कणा म्हणजे 'स्वराज्य' हा एक शब्द. वर्षभर तो त्यांच्या जिभेवर खेळलेला असतो. पुढें टिळकांच्या चरित्रांत तो पुन्हां येतो. मग दोन वर्षांनीं सहावींत गांवच्या पंचायतीचा पाठ येतो, तेव्हां त्याच शब्दानें दार उघडावें, 'बाळांनो, तें स्वराज्य तुमच्या गांवापुरतें येथें, या कौलारू इमारतींत आहे,' असें सांगावें, याहून सोपा धडा कोणता? सह्याद्रीच्या कडेकपारींतून निघालेला शब्द पंचायतीच्या उंबरठ्यापर्यंत आणून सोडण्याची संधि होती. ती तीन पायऱ्या सारख्या करण्यासाठीं घालविली गेली, याचें आम्हांस वाईट वाटतें.

इतिहासाचा व नागरिकशास्त्राचा मेळ न घातल्यानें दुसरीही एक अडचण होते, आणि ती अधिक सूक्ष्म आहे. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या पाठांत मूल अष्टप्रधान शिकतें. त्यांत मंत्री आहे, सचिव आहे, सेनापति आहे, न्यायाधीश आहे. पुढें नागरिकशास्त्रांत हेच शब्द पुन्हां येतात. मूल स्वाभाविकच तींच चित्रें डोळ्यांपुढें आणतें: उंच आसन, आणि त्याभोंवतीं हात जोडून उभीं असलेलीं माणसें. परंतु अष्टप्रधानांतील मंत्री छत्रपतींस जबाबदार होता. आजचें मंत्रिमंडळ विधानसभेस जबाबदार आहे, म्हणजे २८८ सभासदांच्या द्वारें शेवटीं त्या मुलाच्या आईबापांस. शब्द तोच राहिला आणि जबाबदारीची दिशा उलटी झाली. सचिवाचें तर आणखीच निराळें: तेव्हां तो प्रधानांपैकीं एक, आज तो मंत्र्याच्या हाताखालीं काम करणारा नेमलेला अधिकारी. 'पंतप्रधान' या शब्दांतला 'पंत' पेशवाईंतून आमच्या सोबत आला आहे. त्यास जपावा असेंच आम्ही म्हणूं. पण शब्द जुना आणि व्यवस्था नवी असेल, तेथें 'हा तो नव्हे' असें एक वाक्य पुस्तकानें लिहावयास हवें होतें. आमच्यांतील किती तरी शिकलेलीं माणसें मंत्र्यांकडे अजून दरबारीं गेल्यासारखीं जातात, त्याचें एक मूळ या न लिहिलेल्या वाक्यांत आहे, असें आम्हांस निश्चित वाटतें.

'हक्क' आणि 'अधिकार' यांचा प्रश्न याच जातीचा. शुद्धिवादी मंडळी 'हक्क' अरबी म्हणून त्यास दूर ठेवूं पाहतात. पण मराठी माणसास तो परका राहिला आहे काय? हक्काची भाकरी, हक्काचें घर, हक्काचें माणूस. 'तुझ्यावर माझा हक्क आहे म्हणून सांगतें' असें आई म्हणते. 'अधिकार' हा शब्द निर्दोष संस्कृत खरा, परंतु आमच्या भाषेंत तो खुर्चीवर बसलेल्या माणसाचा झाला आहे. अधिकार अधिकाऱ्यास असतो. हक्क आपल्यास असतो. कायद्यांच्या नांवांतही दोन्ही शब्द शेजारीं शेजारीं नांदतात: २००५ चा कायदा माहितीच्या अधिकाराचा, २००९ चा शिक्षणाच्या हक्काचा, आणि महाराष्ट्राचा २०१५ चा लोकसेवा हक्काचा. आमचें मत विचाराल तर मुलांच्या पुस्तकांत सर्वत्र 'हक्क' असावा. ज्या मुलास भाषेच्या तासाला मुख्याध्यापकांस लिहावयाच्या विनंतिअर्जाखालीं 'आपला आज्ञाधारक' अशी सही करावयास शिकवितात, त्यास दुसऱ्या तासाला तरी असा एक शब्द मिळावा, कीं जो उच्चारतांना मान वर होते.

'मतदान' हा शब्द आतां काढतां येणार नाहीं, आणि काढावा असें आमचें म्हणणेंही नाहीं. तरी दानाची कल्पना त्यांत आहे ती आहेच. अन्नदान, गोदान, कन्यादान यांच्या पंक्तीस मतदान बसलें म्हणजे दिलेल्या वस्तूचा हिशेब मागूं नये, हा आमच्या दानधर्माचा नियमही त्याच्या मागोमाग येतो. पुस्तकानें शक्य तेथें 'मत देणें' असें साधें लिहावें, एवढी दुरुस्ती पुरे.

किरकोळ घोटाळे आणखी आहेत. २६ जानेवारीस मूल 'प्रजासत्ताक दिना'चें भाषण पाठ करतें आणि पुस्तकाच्या आरंभीं छापलेल्या उद्देशिकेंत 'गणराज्य' वाचतें. हे दोन्ही एकाच गोष्टीचे शब्द आहेत हें त्यास कोणी सांगत नाहीं. त्यांतून 'प्रजा' हा शब्द राजाच्या गोष्टींतला. राजा गेला आणि प्रजा राहिली, हें कोडें आमच्याही विद्यार्थ्यांस पदवीच्या वर्गांत पडतें. 'राज्यघटना' आणि 'संविधान' यांचें तसेंच, आणि त्यांत 'घटना' म्हणजे घडलेली गोष्ट हा अर्थ वरचढ असल्यामुळें भलतेंच होतें. 'राष्ट्रपति' या शब्दाची चर्चा २००७ सालीं, प्रतिभाताई पाटील त्या पदावर आल्या तेव्हां, महाराष्ट्रांतच विशेष रंगली. 'पति' शब्दाचा मूळ अर्थ स्वामी असें पंडितांनीं समजावून सांगितलें, आणि मुलांनीं तें नम्रपणें ऐकून घेतलें. असो.

आमच्या या म्हणण्यावर एक आक्षेप येईल, तो असा कीं, नवी व्यवस्था आली तर तिचे शब्दही नवेच असणार. अंगणांतल्या व चुलीजवळच्या शब्दांनीं संसदेचा कारभार समजावतां येत नाहीं. हा आक्षेप अर्धा खरा आहे. 'न्यायालयीन पुनर्विलोकन' सुपांत निवडतां येणार नाहीं. परंतु आमचा वाद नव्या शब्दांशीं नाहींच. 'महापौर' नवा असून रुळला. आमचा वाद आहे व्याख्येशीं. 'गांवांतील प्रौढ मतदारांची सभा म्हणजे ग्रामसभा' या धर्तीची व्याख्या घ्या. तींत एक अक्षर चुकीचें नाहीं. पण ती वाचून मूल काय समजतें? गांवांत ग्रामपंचायत म्हणून सात ते सतरा मोठ्या माणसांची एक मंडळी आहे, तशीच ग्रामसभा म्हणून आणखी कांहीं मोठ्या माणसांची दुसरी मंडळी असावी. आतां हेंच निराळ्या तऱ्हेनें सांगून पाहा: तुझ्या घरांतील ज्या ज्या माणसास अठरा वर्षें पूर्ण झालीं आहेत आणि ज्याचें नांव गांवच्या मतदारयादींत आहे, तें तें माणूस ग्रामसभेचें सभासद आहे. त्यासाठीं त्यास निवडून यावें लागलें नाहीं, आणि त्यास तेथून काढण्याची कोणाची छाती नाहीं. पंचायतीनें पैसे कशावर खर्च केले हें तेथें विचारतां येतें. घरकुलाच्या यादींत कोणाचें नांव असावें हें तेथें ठरतें. तुझी आजी ग्रामसभेची सभासद आहे.

'तुझी आजी सभासद आहे' हें वाक्य परीक्षेंत विचारतां येत नाहीं, ही त्याची एकच उणीव. लोकसभेंत महाराष्ट्राचे सभासद किती, अठ्ठेचाळीस. विधानपरिषदेचे किती, अठ्ठ्याहत्तर. हे आंकडे विचारतां येतात, तपासतां येतात, गुण देतां येतात. आमच्या प्राथमिक नागरिकशास्त्राचें स्वरूप बरेचसें परीक्षकाच्या सोयीनें घडलें आहे, आणि यांत लेखकांपेक्षां आम्हां अध्यापक वर्गाचा वांटा अधिक आहे. पुस्तकें अलीकडे पुष्कळ सुधारलीं, चित्रें आलीं, गांवांत हिंडून माहिती गोळा करण्याचे उपक्रम आले. वर्गांत मात्र ते उपक्रम बहुधा फळ्यावर उतरवून दिले जातात.

शेवटीं एक अगदीं अलीकडचें उदाहरण. महाराष्ट्रांतील ज्या थोड्या सरकारी पदांच्या नांवांतच त्या पदाचा धर्म सांगितलेला होता, त्यांत 'ग्रामसेवक' हें एक होतें. पंचायतीचें दप्तर सांभाळणारा, दाखले देणारा, ठराव लिहून घेणारा हा माणूस. गांवांतलें लहान पोरही त्यास त्याच्या पदावरून ओळखी. तो खरोखर सेवा करी कीं नाहीं हा प्रश्न निराळा. पण न केल्यास त्याच्याच नांवाचा दाखला देऊन त्यास बोलतां येत होतें. २०२४ सालीं ग्रामसेवक व ग्रामविकास अधिकारी हीं दोन पदें एकत्र करून त्यांस 'ग्रामपंचायत अधिकारी' असें नांव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानें घेतला. नोकरीच्या दृष्टीनें या मागणीस कारणें असतील, आणि त्या कर्मचाऱ्यांचें हित व्हावें असेंच आम्हांसही वाटतें. भाषेच्या बाजूनें पाहतां मात्र सेवक गेला आणि अधिकारी आला. पाठ्यपुस्तकाच्या पुढील आवृत्तींत हा शब्द बदलावा लागेलच. ज्या पानावर हा बदल करावयाचा, त्याच पानाच्या माथ्यावर पाठाचें नांव छापलेलें असतें. तेथील 'शासन' खोडून 'स्वराज्य' लिहावयाचें तर त्यासाठीं निराळी शाई लागणार नाहीं.